शारदेच्या मंदिराचे बाजूचे दार

मार्च महिना सरत आला की अमेरिकेतील लक्षावधी घरांची झोप उडते. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, कोलंबिया आदी नामांकित विद्यापीठांच्या प्रवेशाचे निकाल त्याच सुमारास लागतात. आणि ज्यांची मुले-नातवंडे त्या देशात वाढली आहेत अशी आपल्याकडील मराठी घरेही ह्या काळजीतून सुटलेली नाहीत. निकाल लागावयाचा असतो न्यू जर्सीतील नातवाचा, आणि देव पाण्यात घालून बसते ती ठाण्याची किंवा पुण्याची आजी. हार्वर्डमध्ये अलीकडच्या वर्षांत शंभर अर्जांमागे चारांच्या आसपास विद्यार्थ्यांना प्रवेश मिळतो. उरलेल्या शहाण्णवांच्या वाट्याला चार ओळींचे सौजन्यपूर्ण नकारपत्र येते. "आमच्याहून सरस कोणी असतील, त्यांना जागा मिळाल्या," अशी ही मुले मग आपल्या मनाची समजूत घालतात. ही समजूत सर्वस्वी खरी असती, तर ह्या विषयावर लेखणी उचलण्याचे आम्हांस कारणच पडले नसते.

ती का खरी नाही, हे सांगणारा पुरावा आमच्या पदरचा नाही. तो न्यायालयाच्या दप्तरातला आहे. 'स्टुडंट्स फॉर फेअर ॲडमिशन्स' नावाच्या संस्थेने २०१४ साली हार्वर्डवर खटला गुदरला. २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये बोस्टनच्या न्यायालयात त्याची सुनावणी झाली, आणि आजवर सात कुलपांआड ठेवलेल्या प्रवेश-कचेरीच्या वह्या प्रथमच उजेडात आल्या. खटला होता वंशाच्या प्रश्नावर. पण विहीर खणताना पाण्याआधी भलतेच काही हाती लागावे, तसे ह्या वह्यांतून आणखी एक सत्य बाहेर पडले. सहा वर्षांच्या अर्जांचा हिशेब मांडला, तेव्हा असे आढळले की विद्यापीठाच्या प्रशिक्षकांनी आपल्या संघासाठी हेरलेल्या खेळाडूंपैकी शेकडा ८६ जणांना प्रवेश मिळाला होता. ज्यांच्यामागे खेळाचे, वारशाचे, देणगीचे वा प्राध्यापक-पित्याचे कसलेच पाठबळ नव्हते, त्यांच्यात हेच प्रमाण शेकडा सहाच्या आसपास होते. हे हेरलेले खेळाडू एकूण अर्जदारांत शेकडा एकही भरत नव्हते. प्रवेश मिळालेल्यांत मात्र ते सुमारे शेकडा दहा होते.

कोणी म्हणेल, हे खेळाडू अभ्यासातही तसेच तल्लख असतील. ह्या शंकेचे उत्तरही त्याच वह्यांत आहे. हार्वर्डची प्रवेश-कचेरी प्रत्येक अर्जदाराच्या विद्याभ्यासाला श्रेणी देते. पहिली श्रेणी सर्वोत्तम. ज्यांना चौथी श्रेणी मिळाली, अशा सामान्य अर्जदारांपैकी दहा हजारांत सात-आठ जणांना प्रवेश मिळाला. त्याच चौथ्या श्रेणीच्या हेरलेल्या खेळाडूंपैकी मात्र शंभरांत सत्तर आत गेले! म्हणजे विद्येच्या तराजूत वजन सारखे. परंतु एकाच्या पारड्यात प्रशिक्षकाची चिठ्ठी पडली आणि त्याची संधी जवळजवळ हजारपटीने वाढली. अभ्यास आणि खेळ ह्यांचा मेळ घालणे ह्याला म्हणत नाहीत. अभ्यासाच्या जागी खेळाची हुंडी वटवून घेणे, हेच ह्याचे खरे नाव आहे.

ही हुंडी वटते कशी, हे वाचकांना थोडक्यात सांगितले पाहिजे. हार्वर्ड-येलसह आठ जुन्या विद्यापीठांच्या समूहाला 'आयव्ही लीग' म्हणतात. हे नाव उच्चारताच आपल्या डोळ्यांसमोर ग्रंथालये आणि प्रयोगशाळा उभ्या राहतात. वास्तविक १९५४ साली जिला आजचे रूप आले, ती ही आयव्ही लीग म्हणजे खेळांच्या सामन्यांसाठी केलेली एक जूट आहे. ह्या जुटीचा एक उदात्त नियम असा की, खेळासाठी म्हणून कोणालाही शिष्यवृत्ती द्यावयाची नाही. २०२५ साली एका न्यायालयीन तडजोडीने अमेरिकेतील मोठ्या विद्यापीठांना आपल्या खेळाडूंना थेट पैसे देण्याची मुभा मिळाली, तेव्हाही आयव्ही लीग त्या बाजारापासून दूर राहिली. हे सारे ऐकावयास छान वाटते. परंतु पैसा देता येत नाही, तेव्हा खेळाडूला देण्याजोगी दुसरी मोलाची वस्तू कोणती उरते? प्रवेश! पैशाहून तीच अधिक मोलाची आहे. कारण पैसा कोठेही मिळेल, हार्वर्डची जागा मिळणार नाही.

म्हणून प्रत्येक संघाच्या प्रशिक्षकाला दर वर्षी काही जागांसाठी आपली माणसे सुचविता येतात. इतर मुले शाळेच्या शेवटच्या वर्षी निबंध लिहून अर्ज पाठवितात. प्रशिक्षक त्याच्या कितीतरी आधी स्पर्धा पाहत, चित्रफिती तपासत, आपल्या पसंतीच्या मुलांशी बोलणी करीत हिंडत असतो. त्या मुलांची गुणपत्रके प्रवेश-कचेरी आगाऊ डोळ्यांखालून घालते, आणि सर्वांचे अर्ज येऊन पडण्यापूर्वीच ऑक्टोबरपासून खेळाडूंच्या हाती 'प्रवेश बहुधा मिळेल' अशा अर्थाची पत्रे पडू लागतात. गुण आणि परीक्षा ह्यांच्या आधारे काढलेला एक किमान अंक खेळाडूलाही ओलांडावा लागतो, हे आम्ही मान्य करतो. पण तो अंक उंबरठ्याचा आहे, स्पर्धेचा नाही. शहाण्णव मुलांना जेथे कडा चढावयाचा आहे, तेथे ह्यांना उंबरठा ओलांडला की पुरे.

तरीही ह्या वाटेने गरिबाची, झोपडीतली, खाणकामगाराची मुले आत येत असती, तर आम्ही तिचे स्वागत केले असते. अमेरिकन खेळाडू म्हटला की आपल्याला आठवतो तो बास्केटबॉलच्या मैदानावर झेपावणारा कृष्णवर्णी तरुण. मोठ्या सरकारी विद्यापीठांत अशा तरुणांना खेळाने खरोखरच वर काढले आहे, आणि तो त्या देशाच्या इतिहासातला गौरवाचा भाग आहे. पण निवडक विद्यापीठांचे मैदान निराळे आहे. हार्वर्डचे एकूण ४२ संघ आहेत. पहिल्या श्रेणीच्या स्पर्धांत उतरणाऱ्या विद्यापीठांत ही संख्या सर्वांत मोठी आहे. पन्नास हजारांच्या घरात विद्यार्थी असलेल्या सरकारी विद्यापीठांनाही इतके संघ परवडत नाहीत. आणि ह्या संघांत कोणकोणते खेळ आहेत, ते पाहा: नौका वल्हविणे, शिडाच्या होड्यांच्या शर्यती, तलवारबाजी, स्क्वॉश, गोल्फ, वॉटर पोलो, बर्फावरील घसरण, लॅक्रॉस! गरिबाच्या वस्तीत शिडाची होडी कोठून यावयाची? सरकारी शाळेत तलवारबाजीचा उस्ताद कोण ठेवणार? ह्या खेळांना स्वतःचे तळे लागते, स्वतःचे क्लब लागतात, खासगी शिकवण्या लागतात, आणि दर आठवड्याच्या अखेरीस मुलाला एका राज्यातून दुसऱ्या राज्यात स्पर्धेसाठी घेऊन जाण्याइतकी बापाला फुरसत लागते.

ही केवळ आमची कुशंका नव्हे. राज चेट्टी ह्या भारतीय वंशाच्या अर्थशास्त्रज्ञाने आपल्या दोन सहकाऱ्यांसह केलेले संशोधन जुलै २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. आयव्ही लीगची आठ आणि स्टॅनफर्ड, एमआयटी, ड्यूक व शिकागो ही चार, अशा बारा विद्यापीठांच्या प्रवेशांची त्यांनी छाननी केली. प्रवेश-परीक्षेत सारखेच गुण मिळविलेल्या मुलांत, देशातील सर्वांत श्रीमंत एक टक्का कुटुंबांतील मुले ह्या विद्यापीठांत पोहोचण्याचा संभव मध्यमवर्गीय मुलांच्या दुपटीहून अधिक असतो, असे त्यांना आढळले. ह्याची कारणे तीन निघाली. एक, माजी विद्यार्थ्यांच्या मुलांना मिळणारी सवलत. दुसरे, अभ्यासेतर 'व्यक्तिमत्त्वा'ला दिलेले वजन. आणि तिसरे, खेळाडूंची ही हेरगिरी. सर्वांत श्रीमंत एक टक्क्यातून आलेल्या प्रवेशितांपैकी आठांमागे एक हेरलेला खेळाडू होता. उत्पन्नाच्या खालच्या साठ टक्क्यांतून आलेल्यांत वीसांमागे एक. म्हणजे ज्या वाटेचे समर्थन गरिबाचे नाव घेऊन केले जाते, त्या वाटेवर वर्दळ आहे ती श्रीमंतांच्या मोटारींची. नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा, तो हा असा!

हे आपोआप घडले काय? इतिहास तसे म्हणत नाही. ह्या विद्यापीठांतील खेळांची सुरुवातच मोठी बोलकी आहे. १८५२ साली हार्वर्ड आणि येल ह्यांच्यात होड्यांची शर्यत झाली, तो अमेरिकेतील पहिला आंतर-विद्यापीठ सामना. त्याचा खर्च उचलला एका आगगाडी-कंपनीने, तळ्याकाठी प्रवासी यावेत म्हणून! परंतु खेळाचा संबंध प्रवेशाशी जडला तो पुढे, विसाव्या शतकाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दशकांत. तोवर हार्वर्डमध्ये प्रवेश मुख्यतः परीक्षेवर मिळत असे. बोस्टन-न्यूयॉर्कच्या सरकारी शाळांतून शिकलेली, नुकत्याच स्थायिक झालेल्या ज्यू कुटुंबांतील मुले ती परीक्षा भराभर उत्तीर्ण होऊ लागली, आणि १९२२ च्या सुमारास नव्या वर्गात त्यांची संख्या पाचांमागे एकाहून अधिक झाली. विद्यापीठाचे अध्यक्ष लॉवेल ह्यांनी ज्यूंच्या संख्येवर मर्यादा घालण्याचा विचार उघडपणे मांडला. त्यावर गदारोळ उठला आणि उघड मर्यादा बारगळली. पण जे पुढच्या दाराने साधले नाही, ते पुढे १९२६ च्या सुमारास दुसऱ्या मार्गाने साधण्यात आले. नुसती विद्वत्ता पुरे नाही, 'चारित्र्य' पाहिजे, 'नेतृत्व' पाहिजे, मैदान गाजविणारा 'सर्वांगीण' तरुण पाहिजे, अशी भाषा सुरू झाली. अर्जासोबत छायाचित्र आले, मुलाखत आली, शिफारशी आल्या. शब्द सारे सात्त्विक होते. हेतू मात्र कोणाला बाहेर ठेवावयाचे हा होता. समाजशास्त्रज्ञ जेरोम कॅराबेल ह्यांनी २००५ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात ही सारी हकीकत विद्यापीठांच्याच कागदपत्रांवरून मांडली आहे. शंभर वर्षांपूर्वी जे ज्यूंच्या वाट्याला आले, तेच आज आशियाई वंशाच्या मुलांच्या वाट्याला येत आहे काय, हा प्रश्न बोस्टनच्या खटल्यात विचारला गेला. आशियाई अर्जदारांना 'व्यक्तिमत्त्वा'चे गुण सरासरीने कमी पडत असल्याचे तेथे दिसून आले, हे आमच्या वाचकांनी ध्यानात ठेवावे.

दार असे ठेवले की चोर येणारच. १२ मार्च २०१९ रोजी अमेरिकेच्या सरकारी वकिलांनी पन्नास जणांवर आरोप ठेवले, आणि सारा देश अवाक् झाला. कॅलिफोर्नियातील विल्यम सिंगर नावाचा एक गृहस्थ धनिकांच्या मुलांना प्रवेश मिळवून देण्याचा धंदा करीत होता. २०११ ते २०१८ ह्या काळात त्याने त्यापायी अडीच कोटी डॉलरांहून अधिक रक्कम गोळा केली. त्याचे स्वतःचे एक तत्त्वज्ञान होते. तो म्हणे, गुणांच्या बळावर आत शिरणे हे पुढचे दार. कोट्यवधींची देणगी देऊन शिरणे हे मागचे दार, आणि तेही खात्रीचे नव्हे. मी उघडले आहे ते बाजूचे दार. हे बाजूचे दार म्हणजे प्रशिक्षकाची चिठ्ठी! येलमध्ये मुलींच्या फुटबॉल संघाच्या प्रशिक्षकाला चार लक्ष डॉलर पोहोचले आणि ज्या मुलीचा त्या संघाशी काडीमात्र संबंध नव्हता, ती खेळाडू ठरली. तिच्या कुटुंबाने सिंगरला एकूण बारा लक्ष डॉलर मोजले होते. दूरचित्रवाणीवरील एका प्रसिद्ध अभिनेत्रीने आणि तिच्या पतीने आपल्या दोन मुलींसाठी पाच लक्ष डॉलर मोजले. मुलींनी कधी नौकास्पर्धेचे वल्हे हाती धरले नव्हते, परंतु व्यायामाच्या यंत्रावर बसवून त्यांची छायाचित्रे काढली आणि त्या नौकापटू झाल्या. अन्य मुलांची तोंडे तर खऱ्या खेळाडूंच्या धडांवर चिकटविण्यात आली! सिंगरला जानेवारी २०२३ मध्ये साडेतीन वर्षांची शिक्षा झाली. काही प्रशिक्षक तुरुंगात गेले, काही पालकही गेले.

ह्या प्रकरणी शिक्षा झाल्या, वर्तमानपत्रांचे रकाने भरले, आणि न्याय झाल्याचे समाधान सर्वांना मिळाले. आम्हांस मात्र एक साधा प्रश्न पडतो. सिंगरने तेच दार का निवडले? कारण ते आधीच उघडे होते आणि आत जाणाऱ्याची झडती घेण्यास तेथे कोणी उभे नव्हते. प्रशिक्षकाने 'हा माझा' म्हटले की पुढे कोणी विचारीत नसे. सिंगरने दार बांधले नाही. त्याने दारवानाला फितविले, एवढेच. फितूर दारवान गेले, पण दार जागच्या जागी आहे. ज्या धनिकाने पाच लक्ष डॉलर एकदम लाचेत दिले तो गुन्हेगार ठरला. आणि ज्याने तेवढीच रक्कम दहा वर्षे क्लब, शिकवण्या, होड्या आणि विमानाची तिकिटे ह्यांवर सावकाश खर्च करून तेच दार गाठले, तो आदर्श पालक ठरला. कायद्याच्या दृष्टीने ह्या दोघांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे, आणि ते असावयासच हवे. परंतु ज्याच्या गाठी दोन्हीपैकी काहीच नाही, अशा किराणा दुकानदाराच्या मुलाच्या दृष्टीने ते अंतर किती?

आणि आता ह्या कथेतील सर्वांत विपरीत भाग. २९ जून २०२३ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने हार्वर्डच्या खटल्याचा अखेरचा निकाल दिला आणि प्रवेशात वंशाचा विचार करणे घटनाबाह्य ठरविले. पिढ्यान्‌पिढ्या दडपलेल्या कृष्णवर्णीयांना जी थोडीशी झुकती मापे मिळत होती, ती काढून घेण्यात आली. त्या निकालाच्या गुणदोषांविषयी विद्वानांत मतभेद आहेत, आणि तेथील आपल्या बांधवांतही आहेत. परंतु एक गोष्ट निर्विवाद आहे. त्याच खटल्याच्या पुराव्यात असे दिसले होते की खेळाडू, माजी विद्यार्थ्यांची मुले, देणगीदारांशी संबंधित आणि कर्मचाऱ्यांची मुले हे चार वर्ग मिळून अर्जदारांत शेकडा पाचांहूनही कमी, पण प्रवेशितांत शेकडा तीसच्या घरात होते. गोऱ्या प्रवेशितांपैकी तर शेकडा ४३ हून अधिक ह्या चार वर्गांतले होते. ह्या सवलती निकालानंतरही अबाधित राहिल्या. चोर सोडून संन्याशाला फाशी, ही म्हण आपल्याकडे उगीच पडलेली नाही. पुढे काही राज्यांना जाग आली. कॅलिफोर्नियाने २०२४ साली कायदा करून खासगी विद्यापीठांतील वारस आणि देणगीदार ह्यांच्या सवलतीला मनाई केली. पण खेळाच्या दाराला कोणी हात लावीत नाही. वारसा म्हटला की लोकांना सरंजामशाही आठवते. खेळ म्हटला की घाम आठवतो. घामाच्या वासाने विशेषाधिकाराचा वास झाकून जातो!

तो घाम खरा आहे, हे आम्ही नाकारीत नाही. पहाटे उठून गोठणाऱ्या पाण्यात वल्हे मारणाऱ्या मुलामुलींच्या कष्टांचा उपहास करण्याचा आमचा हेतू नाही, आणि दोष त्यांचा तर मुळीच नाही. मोठ्यांनी बांधलेल्या वाटेने ती चालली आहेत. खेळाने शिस्त येते, पराभव पचविण्याची ताकद येते, दहा जणांबरोबर चालण्याची सवय लागते, हे सर्व आम्हांस मान्य आहे. परंतु शिस्त काय खेळानेच येते? दहा वर्षे व्हायोलिनवर बोटे झिजविणाऱ्या मुलीला शिस्त नसते? शाळा सुटल्यावर बापाच्या दुकानात रात्री दहापर्यंत गल्ला सांभाळून मग पुस्तक उघडणाऱ्या मुलाला चिकाटी नसते? त्यांच्यासाठी कोणी आगाऊ यादी करतो काय? व्हायोलिनच्या गुरूची चिठ्ठी आली म्हणून शंभरांत शहाऐंशींना प्रवेश मिळतो काय? खेळ हा अर्जातील एक गुण म्हणून मोजला गेला, तर आमची तक्रार नाही. तक्रार आहे ती राखून ठेवलेल्या जागांविषयी, आणि त्या कोणाला द्यावयाच्या हे ठरविण्यात प्रशिक्षकाच्या शब्दाला आलेल्या महत्त्वाविषयी.

दुसरे समर्थन असे की, संघ नसले तर विद्यापीठाचा आत्मा हरवेल आणि माजी विद्यार्थी हात आखडता घेतील. ह्याला उत्तर अमेरिकेनेच देऊन ठेवले आहे. शिकागो विद्यापीठाचा फुटबॉल संघ एके काळी देशात नावाजलेला होता. अध्यक्ष रॉबर्ट हचिन्स ह्यांनी १९३९ च्या अखेरीस तो बरखास्त केला. लोक म्हणाले, विद्यापीठ बुडाले! तीन वर्षांनी, २ डिसेंबर १९४२ रोजी, त्याच ओस पडलेल्या मैदानाच्या प्रेक्षागाराखाली, रॅकेटच्या खेळासाठी बांधलेल्या एका खोलीत, एन्रिको फर्मी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अणुगर्भाच्या विघटनाची पहिली नियंत्रित साखळी घडवून आणली. कॅलिफोर्नियातील कॅलटेक ह्या विज्ञान-संस्थेचा बास्केटबॉल संघ आपल्या गटात सव्वीस वर्षांत ओळीने ३१० सामने हरला. २२ फेब्रुवारी २०११ रोजी ऑक्सिडेंटल कॉलेजवर ४६-४५ असा एका गुणाने विजय मिळाला, तेव्हा तेथे दिवाळी साजरी झाली. ३१० पराभवांनी कॅलटेकच्या कीर्तीला कवडीचाही ओरखडा पडला नाही. आणि इंग्लंडातील ऑक्सफर्ड व केंब्रिज? पदवीच्या प्रवेशात ती विद्यापीठे खेळातील पराक्रमाला वजन देत नाहीत. तरीही १८२९ पासून चालत आलेली त्यांची नौकांची शर्यत थेम्सच्या काठी लक्षावधी लोक अजून पाहतात. आधी विद्यार्थी आणि मग खेळाडू, हा क्रम ठेवूनही खेळ जगतो, ह्याहून मोठा पुरावा कोणता हवा?

म्हणून आमचे म्हणणे स्पष्ट आहे. निवडक विद्यापीठांनी प्रशिक्षकांसाठी जागा बाजूला काढण्याची प्रथा बंद करावी. खेळातील पराक्रम अर्जात लिहावा आणि संगीत, विज्ञान, समाजसेवा वा घरची जबाबदारी ह्यांच्या पंक्तीला बसवून त्याच समितीने तो तोलावा. प्रवेश झाल्यावर, आत आलेल्यांतून संघ उभे करावेत. आणि तोवर निदान एवढे तरी करावे: कोणत्या खेळाच्या नावाने किती जणांना प्रवेश दिला आणि ते कोणत्या उत्पन्नाच्या घरांतून आले, ह्याचे आकडे दर वर्षी प्रसिद्ध करावेत. ज्या संस्था 'सत्य' हा शब्द आपल्या बोधचिन्हावर कोरतात, त्यांना आपल्याच वह्यांतील सत्य खटल्याविना सांगण्यास संकोच का वाटावा?

हे सर्व लिहीत असताना, दुसऱ्याच्या डोळ्यातले कुसळ दाखवून स्वतःच्या डोळ्यातल्या मुसळाकडे दुर्लक्ष करावे, असे आम्हांस वाटत नाही. ती वाट आता आपल्याही दारापर्यंत आली आहे. भारतातील स्क्वॉशपटू अमेरिकन विद्यापीठांच्या संघांत आज नवे राहिलेले नाहीत. आणि जिमखान्याच्या कोर्टावर उभ्या असलेल्या आठ वर्षांच्या मुलाकडे पाहताना, त्याच्या खेळापेक्षा त्याच्या भावी प्रवेशाचाच विचार करणारा पालकवर्ग आपल्या मोठ्या शहरांत निर्माण होऊ लागला आहे. घरच्या व्यवस्थेतही खेळाच्या नावे वाढीव गुण आणि राखीव नोकऱ्या आहेत. त्यामागील हेतू चांगला. पण बनावट क्रीडा-प्रमाणपत्रांवर सरकारी नोकऱ्या मिळविल्याचे प्रकार ह्याच महाराष्ट्रात उघडकीस आले आहेत. सिंगरचे भाऊबंद सर्व देशांत असतात. ह्या पार्श्वभूमीवर मद्रासच्या आयआयटीने २०२४-२५ पासून सुरू केलेली योजना विचारार्ह आहे. तेथे प्रत्येक पदवी-अभ्यासक्रमात खेळाडूंसाठी दोन जागा, त्यांपैकी एक मुलींसाठी, ठेवल्या आहेत. पण त्या जादा आहेत, दुसऱ्या कोणाची जागा घटवून काढलेल्या नाहीत. उमेदवार जेईई ॲडव्हान्स्डच्या गुणवत्ता-यादीत असला पाहिजे आणि त्याने राष्ट्रीय वा आंतरराष्ट्रीय स्पर्धेत पदक मिळविलेले असले पाहिजे. निकष छापलेला, परीक्षा सर्वांना तीच. दार ठेवावयाचेच असेल तर ते असे रस्त्यावर उघडणारे असावे. गल्लीत उघडणारे नसावे.

शेवटी आम्हांस आठवण होते ती कराडजवळच्या गोळेश्वर गावच्या खाशाबा जाधवांची. १९५२ साली हेलसिंकी येथे कुस्तीत कांस्यपदक मिळवून त्यांनी स्वतंत्र भारताला ऑलिंपिकमधील पहिले वैयक्तिक पदक मिळवून दिले. तिकडे जाण्यास त्यांच्यापाशी पैसे नव्हते. तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर ह्यांनी आपले घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. त्या पदकाने कॉलेजला देणगीदार मिळणार नव्हते, आणि खाशाबांनाही कोणत्या बाजूच्या दाराने आत शिरावयाचे नव्हते. विद्येच्या संस्थेने खेळाशी कोणते नाते ठेवावे, ते त्या गुरुजींनी कोणतेही धोरणपत्र न छापता दाखवून दिले. खेळासाठी घर गहाण टाकणारी माणसे त्या काळी होती. प्रवेशासाठी खेळच गहाण टाकणारी माणसे आज आहेत. जगातील सर्वांत श्रीमंत विद्यापीठाने ह्यांपैकी कोणाचा कित्ता गिरवावा, हे त्याने ठरवावयाचे आहे. आमच्या वाचकांनी मात्र एवढेच करावे: मुलांना मैदानावर जरूर पाठवावे, पण खेळण्यासाठी पाठवावे!